एकट्या पेशीची दंतकथा

१/
३० ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने टिसाजेनलेक्लूसेल या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्याच रक्तातून टी-पेशी काढून घ्यायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवे जनुक घालायचे आणि कर्करोग हेरण्यास शिकलेल्या त्या पेशी पुन्हा त्याच रुग्णाच्या शरीरात सोडायच्या, असा हा ‘कार-टी’ उपचार. ‘जिवंत औषध’ अवतरल्याची द्वाही जगभर फिरली.

२/
त्याच दिवशी त्याच कार्यालयाने आणखी एक परवानगी दिली. टोसिलिझुमॅब हे मूळचे संधिवातावरचे औषध. कार-टी पेशींमुळे शरीरात उसळणाऱ्या जीवघेण्या दाहावर ते वापरण्यास संमती मिळाली. पहिली परवानगी इतिहासात गेली, दुसरी तळटिपेत. ही वाटणी चुकीची आहे, आणि तिची किंमत अखेर रुग्ण मोजतात. हा धागा त्या चुकीविषयी.

३/
इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रकार अनोळखी वाटू नये. बखरकार लढाईचे वर्णन करतो तेव्हा रणात एकटा नायक तळपत असतो. दाणागोटा कोणी पुरवला, वैरण कोठून आली, तोफांची दारू कोणाच्या कर्जावर विकत घेतली, हे बखर सांगत नाही. ते पत्रांत आणि हिशेबाच्या कागदांत सापडते. म्हणूनच वि. का. राजवाड्यांनी अस्सल पत्रांना बखरींच्या वरचे आसन दिले.

४/
कार-टीची आज लोकप्रिय असलेली कथा ही अशीच बखर आहे. तिचे अस्सल कागद म्हणजे शोधनिबंधांतील ‘पद्धती’ नावाचा रूक्ष भाग. पेशींच्या आधी, पेशींच्या सोबत आणि पेशींच्या नंतर कोणती औषधे किती मात्रेत दिली, हे तेथे बारीक टायपात नोंदलेले असते. ते फारसे कोणी वाचत नाही. म्हणून ‘कार-टीला औषधांची जोड’ हा अगदी ताजा, धाडसी विचार असल्याचा आव आणता येतो. वास्तविक ही जोड पहिल्या दिवसापासून होती. रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांचा पाऊणशे वर्षांचा इतिहास या जोडीचाच इतिहास आहे.

५/
त्या इतिहासाचा एक धागा मुंबईत सुरू होतो. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज संशोधक येथे आली. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना जडणारा तीव्र रक्तक्षय हा तिच्या अभ्यासाचा विषय होता. तिचे काम हाफकिन संस्थेत चाले. मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क दिला की या स्त्रिया सुधारतात, असे तिने दाखवून दिले. त्या अर्कातील अज्ञात घटकाला काही काळ ‘विल्स घटक’ म्हणत. पुढे त्याची ओळख फॉलेट, म्हणजे फॉलिक आम्लाच्या कुळातील जीवनसत्त्व, अशी पटली. परळच्या गल्ल्यांत सुरू झालेला हा शोध रक्त कसे घडते या प्रश्नाचा होता. रक्त नको तेवढे घडू लागले तर काय करावे, हा प्रश्न अजून कोणी विचारला नव्हता.

६/
तो बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी विचारला. ल्युकेमिया झालेल्या मुलांना फॉलिक आम्लाच्या कुळातील पदार्थ दिल्यावर रोग आणखी भडकतो, अशी शंका त्यांना आली. मग उलट दिशेने, फॉलिक आम्लाची वाट अडवणारे रसायन द्यावे, असे त्यांनी ठरवले. ही रसायने लेडर्ली कंपनीतील यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तयार केली होती. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात १६ मुलांपैकी १० मुलांत अमिनोप्टेरिनने सुधारणा झाल्याची नोंद आहे.

७/
तोवर ल्युकेमिया म्हणजे काही आठवड्यांचा खेळ असे. त्या पार्श्वभूमीवर ही सुधारणा चमत्कारासारखीच भासली असेल. पण काही महिन्यांतच रोग उलटला. एका औषधाने मागे हटलेला शत्रू त्या औषधाची सवय करून घेऊन परत आला.

८/
याच सुमारास क्षयरोगाचे वैद्य हाच धडा शिकत होते. १९४८ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने स्ट्रेप्टोमायसिनची प्रसिद्ध चाचणी छापली. औषध गुणकारी होते, पण अनेक रुग्णांतील जंतू लवकरच त्याला दाद देईनासे झाले. मग स्ट्रेप्टोमायसिनसोबत ‘पास’ हे दुसरे औषध दिले, तेव्हा प्रतिरोध खूपच कमी झाला. दोन वेगळ्या वाटांनी मारणाऱ्या औषधांना एकाच वेळी चकवणारा जंतू विरळा असतो, इतका साधा हिशेब त्यामागे होता.

९/
१९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइश या दोघांनी हा हिशेब ल्युकेमियाला लावला. विन्क्रिस्टीन, अमेथोप्टेरिन, मर्कॅप्टोप्युरीन आणि प्रेडनिसोन ही चार औषधे एकत्र. यांतील विन्क्रिस्टीन मिळते सदाफुलीपासून, आणि अमेथोप्टेरिन हे फार्बरांच्या औषधाचे सख्खे भावंड. आज त्याला मेथोट्रेक्सेट म्हणतात. एका वेळी एकच औषध द्यावे आणि ते निकामी ठरले की दुसरे काढावे, असा तेव्हाचा शिष्टाचार होता. चार विषे एकदम देणे हा मुलांवरचा अत्याचार आहे, असे मानणारे कमी नव्हते.

१०/
त्यांचा आक्षेप क्षुल्लक नव्हता. मुलांचे हाल खरोखरच होत. पण निकाल आकड्यांनी दिला. मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालय १९६२ मध्ये उघडले. तेथे डोनल्ड पिंकेल यांनी औषधांची मिश्रणे, मेंदूच्या आवरणांपर्यंत पोचणारे उपचार आणि दीर्घकाळ चालणारी औषधयोजना एकत्र गुंफली. दशक संपता संपता निम्म्याच्या आसपास मुले कायमची बरी होऊ लागली. ज्या रोगात एकही मूल वाचत नसे, त्या रोगात! या यशाला चेहरा नाही, म्हणून ते कोणाला आठवत नाही. चार औषधांचा पुतळा उभारता येत नाही.

११/
येथे एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो: इमॅटिनिबचे काय? २००१ मध्ये मान्यता मिळालेल्या या गोळीने दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाचे रुग्ण एकट्याच्या बळावर वर्षानुवर्षे जगवले. खरे आहे. पण त्या रोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यात सारा डोलारा एकाच बिघडलेल्या जनुकावर उभा असतो; तो खांब काढला की डोलारा कोसळतो. तोच रोग पुढच्या, आक्रमक टप्प्यात गेला की इमॅटिनिब एकटे फार काळ तग धरत नाही. या अपवादावरून नियम बांधणारे पहिला टप्पा पाहतात आणि दुसरा पाहायचे टाळतात.

१२/
आता खुद्द कार-टीकडे वळता येईल. ‘कार’ या संक्षेपातील पहिला शब्द ‘कायमेरिक’ असा आहे. कायमेरा हा ग्रीक पुराणातला सिंह, बोकड आणि सर्प यांचा संकर. महाराष्ट्रातील अनेक गडांच्या दरवाजांवर सिंह आणि पक्षी यांच्या मिश्रणातून घडलेला शरभ कोरलेला दिसतो, कल्पना तीच. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील झेलिग एशहार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रतिपिंडाचे शत्रू ओळखणारे टोक टी-पेशीच्या मारक यंत्रणेला जोडून दाखवले. म्हणजे ज्या वस्तूला ‘एकटी पेशी’ म्हणून मिरवले जाते, ती जन्मतःच सांधलेली आहे.

१३/
आणि तो पहिला सांधा पुरला नाही. सुरुवातीच्या कार-टी पेशी शत्रूला ओळखत, मारत, आणि लगेच थकून नाहीशा होत. टी-पेशीला ‘मार’ या आज्ञेबरोबर ‘टिकून राहा’ ही दुसरी आज्ञाही लागते. मिशेल सादलँ यांच्या गटाने त्यासाठी सीडी-२८ चा, तर सेंट ज्यूडमधील दारिओ काम्पाना यांच्या गटाने ४-१बीबी या रेणूचा तुकडा जोडला. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात कार्ल जून यांनी जगप्रसिद्ध केलेल्या पेशीत हा दुसरा तुकडा आहे. मेम्फिसचा दुवा वगळून फिलाडेल्फियाची कथा सांगता येत नाही; तरीही ती तशी सांगितली जाते.

१४/
पण पेशीच्या आतल्या जोडणीपेक्षा महत्त्वाची आहे ती बाहेरची. कार-टी पेशी देण्याआधी रुग्णाला काही दिवस केमोथेरपी दिली जाते, बहुधा सायक्लोफॉस्फमाइड आणि फ्लुडाराबीन. ही जुनी, निनावी होत चाललेली औषधे. त्यांतील सायक्लोफॉस्फमाइडचे घराणे तर थेट युद्धातले आहे.

१५/
मोहरी वायूचा, म्हणजे मस्टर्ड गॅसचा, रासायनिक चुलतभाऊ नायट्रोजन मस्टर्ड. येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांच्या गटाने १९४२ च्या ऑगस्टमध्ये तो लिम्फोमाच्या एका रुग्णाला दिला. गाठी विरघळल्या, मग परत आल्या. युद्धकालीन गोपनीयतेमुळे हे १९४६ पर्यंत छापता आले नाही. सायक्लोफॉस्फमाइड हा याच घराण्यातला १९५० च्या दशकातला जर्मन वंशज.

१६/
(जाता जाता एक दंतकथा. २ डिसेंबर १९४३ रोजी इटलीतील बारी बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला, जॉन हार्वी या जहाजावरील मस्टर्डचे बाँब फुटले, आणि त्या मृतांच्या रक्ततपासणीतून केमोथेरपी जन्मली, असे समाजमाध्यमांवर वारंवार सांगितले जाते. बारीची दुर्घटना खरी आहे आणि तिने या संशोधनाला बळही दिले. पण येलचा रुग्ण तिच्या सव्वा वर्ष आधीचा आहे. सनावळी पाहिली असती तर ही कथा टिकली नसती.)

१७/
पेशींच्या आधी हे विष कशासाठी? पाहुण्यांसाठी घर रिकामे करावे तसे. शरीरातील जुन्या टी-पेशी कमी झाल्या की नव्यांना वाढीची द्रव्ये वाटेकऱ्यांविना मिळतात. त्यांना रोखणाऱ्या पेशीही बाजूला होतात. स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने २००२ मध्ये त्वचेच्या कर्करोगात हे ठळकपणे दाखवले. ज्यांना हे ‘पूर्वतयारीचे किरकोळ काम’ वाटते त्यांनी सिअ‍ॅटलमधील फ्रेड हचिन्सन केंद्राचा २०१६ चा लिम्फोमावरील निबंध वाचावा. पेशी त्याच. आधी फक्त सायक्लोफॉस्फमाइडवर आधारित केमोथेरपी दिली तेव्हा ८ टक्के रुग्णांत रोग पूर्णपणे मावळला. सोबत फ्लुडाराबीन दिले तेव्हा ५० टक्के रुग्णांत. रुग्ण थोडेच होते, हे मान्य. पण फ्लुडाराबीन मिळालेल्यांच्या शरीरात पेशी अधिक वाढल्या आणि अधिक टिकल्या, हेही त्याच निबंधात आहे. नायक तोच; सोबती बदलला आणि लढाईचा निकाल बदलला.

१८/
आता दुसरा सोबती. एप्रिल २०१२, फिलाडेल्फियाचे बालरुग्णालय. एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीचा ल्युकेमिया दोनदा उलटला होता. कार-टी मिळालेली ती पहिली बालरुग्ण. पेशींनी काम सुरू केले आणि मुलगी मरणाच्या दारात पोचली: प्रचंड ताप, घसरलेला रक्तदाब, कृत्रिम श्वास. तपासणीत इंटरल्युकिन-६ या दाहकारक द्रव्याची पातळी भयानक वाढलेली दिसली.

१९/
या द्रव्याची वाट अडवणारे एक औषध बाजारात आहे, हे कार्ल जून यांना घरगुती कारणाने ठाऊक होते. कर्करोगाशी त्याचा काही संबंध नव्हता. टोसिलिझुमॅब दिल्यावर काही तासांत ताप उतरू लागला. ती शुद्धीवर आली, आणि कर्करोग नाहीसा झाल्याचेही दिसून आले.

२०/
ते औषध कोठून आले? ओसाका विद्यापीठातील तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने १९८६ मध्ये इंटरल्युकिन-६ चे जनुक हाती आणले आणि पुढे चुगाई कंपनीसोबत त्याच्या ग्राहीवर बसणारे प्रतिपिंड घडवले. जपानमध्ये ते २००५ मध्ये कॅसलमन या दुर्मीळ आजारासाठी मान्य झाले, मग संधिवातासाठी. हे काम झाले नसते तर त्या वॉर्डात त्या आठवड्यात देण्याजोगे काहीच हाती नसते. आणि पहिलेच मूल दगावले असते तर पुढल्या चाचण्यांना परवानगी मिळाली असती का, याचे उत्तर अवघड नाही. तरीही कार-टीच्या जनकांच्या यादीत किशिमोतोंचे नाव शोधून पाहावे. सापडत नाही.

२१/
नायकाला जपण्यासाठी सोबत्यावर ठपका ठेवण्याचीही एक नोंद आहे, आणि ती अधिक अस्वस्थ करते. जुनो या कंपनीच्या प्रौढ ल्युकेमियावरील कार-टी चाचणीत २०१६ च्या जुलैपर्यंत तीन रुग्ण मेंदूला सूज येऊन दगावले. कंपनीने बोट दाखवले ते नव्याने जोडलेल्या फ्लुडाराबीनकडे. ते वगळून चाचणी पुढे नेऊ, असे तिने सांगितले आणि नियामकांनी काही दिवसांतच स्थगिती उठवली. नोव्हेंबरमध्ये आणखी दोघे तसेच गेले. या वेळी फ्लुडाराबीन नव्हते. मार्च २०१७ मध्ये तो उपचारच सोडून देण्यात आला. नंतरच्या तपासात पेशी शरीरात अतिवेगाने वाढल्याचे आणि कारणे एकाहून अधिक असल्याचे पुढे आले.

२२/
येथे हेतूंवर शंका घेण्याची गरज नाही; घाईत असलेले शहाणे लोकही चुकतात. पण चूक कोणत्या दिशेने झाली ते पाहण्यासारखे आहे. पेशी, तिच्या आधीचे औषध आणि रुग्णाचे शरीर हे तिन्ही मिळून एक उपचार आहे, असे मानले असते तर प्रश्न तिघांनाही एकदम विचारला गेला असता. ‘पेशी म्हणजे उपचार, बाकी सारे उपरे’ असे आधीच ठरले असेल तर आरोपीही आधीच ठरतो.

२३/
पेशी एकटी पुरेशी नाही, हे तिच्या विजयाच्या कागदांतही लिहिलेले आहे. ज्या चाचणीवर २०१७ ची मान्यता उभी होती तिच्या २०१८ मध्ये छापलेल्या निकालात ७५ मुले व तरुण आहेत. तीन महिन्यांत ८१ टक्क्यांचा रोग मावळला. हा आकडा सर्वत्र छापला गेला. त्याच निबंधानुसार बारा महिन्यांनंतर रोग न उलटता, अन्य अघटित न घडता राहण्याचे प्रमाण ५० टक्के होते. हा आकडा किती बातम्यांत आला?

२४/
काहींच्या शरीरातून पेशी नाहीशा होतात किंवा थकतात. काहींच्या कर्करोगपेशी सीडी-१९ ही खूणच टाकून देतात, म्हणजे पहारेकऱ्याने ज्या अंगरख्यावरून ओळखायचे तोच फेकून देतात. फार्बरांच्या मुलांत जे झाले तेच हे, नव्या वेशात. आणि उपायही त्याच जुन्या शहाणपणात आहे.

२५/
दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमियात तर रुग्णाच्या टी-पेशी मुळातच थकलेल्या असतात. लिसोकॅब्टाजेन या कार-टीला त्या रोगासाठी मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली, पण ती एकटी दिली असता पूर्ण यश साधारण पाचांतील एका रुग्णालाच लाभले होते. पेन्सिल्व्हेनियाच्या गटाने २०१६ मध्येच दाखवले होते की इब्रुटिनिब ही रोजची गोळी काही महिने घेतलेल्या रुग्णांच्या टी-पेशी प्रयोगशाळेत अधिक जोमाने वाढतात. पुढे सिअ‍ॅटलमध्ये पेशींसोबत ही गोळी चालू ठेवली, तेव्हा दाहाचा तीव्र त्रासही कमी दिसला. म्हणजे गोळी शत्रूलाही मारते आणि आपल्या सैनिकाचीही शुश्रूषा करते.

२६/
मायलोमाची गोष्ट आणखी रंजक. तेथे पेशी बीसीएमए ही खूण शोधतात, पण गॅमा-सिक्रेटेज हे विकर ती खूण कर्करोगपेशीवरून कापून टाकते. या विकराला रोखणाऱ्या औषधांच्या जातीवर अल्झायमरसाठी मोठी आशा ठेवली गेली होती आणि ती तेथे साफ फसली. तीच जात सिअ‍ॅटलमधील एका लहान चाचणीत कार-टीसोबत दिली, तेव्हा कर्करोगपेशींवरील खूण दाट झाली. एका रोगात हरलेले औषध दुसऱ्या रोगात नायकाचे डोळे झाले.

२७/
दासाटिनिबचे प्रयोग बहुतांशी प्रयोगशाळेतले आणि उंदरांवरचे आहेत, पण कल्पना विलक्षण आहे. ल्युकेमियावरची ही गोळी टी-पेशीलाही तात्पुरते गप्प करते. थांबवली की पेशी पुन्हा जागी होते. २०१९ मध्ये तिचा ‘थांबा’ या कळीसारखा उपयोग दाखवला गेला. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या क्रिस्टल मॅकॉल यांच्या गटाने दाखवले की अशी सक्तीची विश्रांती दिली तर थकलेल्या पेशींना पुन्हा बळ येते. मारणाऱ्या पेशीला थांबवणारे औषध तिला अधिक मारक करते! ‘औषधे पेशीच्या कामात लुडबुड करतात’ असे म्हणणाऱ्यांना याचे उत्तर द्यावे लागेल.

२८/
प्रत्येक जोडी जमते असे मात्र नाही, आणि या बाजूच्या उत्साही मंडळींनी हे लपवू नये. कर्करोगाने टी-पेशींवर घातलेली वेसण सोडवणारी औषधे कार-टीसोबत दिली की भरघोस लाभ होईल, असे सर्वांनाच वाटले होते. लिम्फोमात अ‍ॅटेझोलिझुमॅब जोडून पाहिलेल्या चाचणीत तशी ठळक सुधारणा दिसली नाही. कोणते औषध, कोणत्या दिवशी, किती काळ, हेच तर खरे संशोधन आहे. पिंकेल यांचेही बरेचसे आयुष्य याच हिशेबात गेले.

२९/
‘पण शेवटी त्या मुलांना वाचवले ते पेशीनेच ना? सारी औषधे हरल्यावरच ती आली.’ हा प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा, आणि तो अर्धा खरा आहे. पेशी निर्णायक आहे. निर्णायक असणे आणि एकटे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतिहास वाचणाऱ्यांना तरी हा भेद समजावून सांगावा लागू नये.

३०/
हा वाद आता आपल्या दारात आला आहे. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. अमेरिकेत २०१७ मध्ये पेशींची किंमत ४,७५,००० डॉलर, त्या वेळच्या दराने तीन कोटी रुपयांवर होती. येथे ती चाळीस लाखांच्या घरात आली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत सुमारे ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. या कामाचा अभिमान रास्त आहे.

३१/
मथळे मात्र ‘एकाच इंजेक्शनने कर्करोग बरा’ या चालीवर येत राहिले. घर गहाण टाकून चाळीस लाख उभे करणाऱ्या कुटुंबाच्या हाती हा मथळा पडतो. पेशींच्या आधीची केमोथेरपी, रुग्णालयातले आठवडे, टोसिलिझुमॅबच्या मात्रा, अतिदक्षता कक्षाची शक्यता, नंतर महिनोन्‌महिने प्रतिकारशक्ती क्षीण राहिल्याने लागणारी औषधे, आणि रोग उलटलाच तर पुढचा उपचार, यांतले काहीही त्या मथळ्यात नसते. किंमत चमत्काराची सांगितली जाते, बिल मिश्रणाचे येते.

३२/
दंतकथेची दुसरी किंमत संशोधनात मोजावी लागते. ज्या औषधाची मक्तेदारी संपली आहे, ते कार-टीसोबत कधी आणि किती द्यावे याची चाचणी करण्यात कोणत्या कंपनीचा नफा आहे? हे काम सार्वजनिक संस्थांनाच करावे लागते, आणि त्यासाठी पैसा देणाऱ्यांना आधी हे पटावे लागते की सोबती औषधाची चाचणी हेही दुय्यम प्रतीचे विज्ञान नव्हे.

३३/
परळला हे नवीन नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने डोके व मानेच्या प्रगत कर्करोगात निवोलुमॅब या महागड्या औषधाची अगदी अल्प मात्रा, दर तीन आठवड्यांना अवघे २० मिलिग्रॅम, तीन स्वस्त तोंडी औषधांच्या जोडीला देऊन पाहिली. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. रोग वेगळा, पेशीही नव्हत्या. पण ‘महाग नायक थोडा, स्वस्त सोबती नेमके’ या विचाराची अशी काटेकोर चाचणी जी संस्था करू शकते, तिने ती कार-टीबाबत करावी आणि शासनाने तिचा खर्च उचलावा, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. त्या तीन स्वस्त औषधांतले एक मेथोट्रेक्सेट होते.